काँकच्या दारात उभं राहण्याआधी

या वेळचं पत्र फ्रान्समधून आलं आहे. थोडं कापून देते.

‘ताई, मी मूळची नाशिकची, वय २३. दोन वर्षांपासून लियॉनला मटेरियल्स सायन्समध्ये मास्टर्स करतेय. इथली एक संस्था उन्हाळ्यात जुन्या चर्चमध्ये येणाऱ्या लोकांना वास्तू दाखवायला तरुण स्वयंसेवक घेते. मी अर्ज केला आणि जुलैचे तीन आठवडे काँक नावाच्या गावासाठी माझी निवड झाली. राहण्या-जेवण्याची सोय आहे, पगार नाही. घरी सांगितल्यापासून वाद चालू आहे. आई म्हणते, “इथे होतीस तेव्हा काळाराम मंदिरात पाय ठेवायला वेळ नव्हता, आणि आता चर्चमध्ये फुकट राबणार? त्यापेक्षा घरी ये.” बाबांना वाटतं, ते लोक मला हळूहळू धर्मात ओढतील. आजोबा ३० वर्षं वारी करतायत. ते काहीच बोलत नाहीत, आणि तेच जास्त लागतं. मैत्रिणी म्हणतात, जुलैत हॉटेलात काम केलंस तर पैसे तरी मिळतील. माझी स्वतःची शंका वेगळीच आहे. मी देव फारसा मानत नाही, ख्रिस्ती तर नाहीच. मग तिथं उभं राहून त्यांच्या संतांबद्दल बोलणं ही फसवणूक नाही का?’

प्रिय मुली,

तुझी शेवटची शंका आधी घेते. तिचा निकाल लागल्याशिवाय घरी बोलायला बसलीस तर तू आईशी भांडशील आणि आतून मात्र तिचंच बरोबर वाटत राहील.

मीही २४ वर्षांची असताना दोन उन्हाळे हेच काम केलं, बरगंडीतल्या व्हेझलेला. टेकडीवर मारी माग्दालेन या ख्रिस्ताच्या शिष्येच्या नावाचं मोठं चर्च आहे, बाराव्या शतकातलं. बाहेरच्या ओवरीतून मुख्य गाभ्यात जाताना दारावर एक भलीमोठी अर्धगोल शिल्पपट्टी लागते. मधोमध ख्रिस्त, त्याच्या हातांतून निघालेले किरण शिष्यांच्या डोक्यांवर, आणि कडेनं जगाच्या टोकाला राहणारी माणसं: कुत्र्याच्या तोंडाची, घोड्यावर चढायला शिडी लावणारी बुटकी, आणि सुपाएवढ्या कानांची. शिष्यांनी या सगळ्यांपर्यंत जायचं, असा त्याचा अर्थ. पहिल्या आठवड्यात मी हे सगळं पाठ केल्यासारखं म्हणत होते. एके दिवशी एका सात-आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, “ही मोठ्या कानांची माणसं कुठे राहतात?”

खरं उत्तर मला माहीत होतं. ग्रीक लेखक क्टेसिअसनं कुत्रमुखी माणसं भारतातल्या डोंगरांत राहतात असं लिहून ठेवलं होतं. कान अंथरून-पांघरून झोपणारे लोक मेगॅस्थनीसनंही भारतातच ठेवले. पुढे शतकानुशतकं युरोपच्या पुस्तकांतून ही माणसं फिरत राहिली आणि शेवटी व्हेझलेच्या दगडात येऊन बसली. मी त्या मुलाला म्हटलं, “ज्यांनी हे कोरलं त्यांनी वाचलं होतं की ही माणसं भारतात राहतात. मी भारतातून आलेय.” सगळा घोळका गप्प झाला. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मग मी त्यांना सांगितलं की आमच्या महाभारतातही ‘कर्णप्रावरण’ नावाचे लोक येतात, कानांनीच अंग झाकणारे, आणि तिथं तेही आमच्यापासून लांब, दिग्विजयाच्या वाटेवर कुठेतरी राहतात. प्रत्येकानं आपली विचित्र माणसं दुसऱ्याच्या मुलखात ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी मान वर करून ती शिल्पं खरोखर पाहिली. दहा मिनिटं कोणी पुढे सरकेना.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. तिथं उभं राहणाऱ्यानं श्रद्धा ठेवलीच पाहिजे असं नाही. त्यानं नीट पाहिलेलं असलं पाहिजे, आणि स्वतःच्या श्रद्धेबद्दल खोटं बोलता कामा नये. “तुम्ही कॅथलिक आहात का?” हा प्रश्न तुला रोज येईल. “नाही, माझे आजोबा विठ्ठलाचे वारकरी आहेत, मला स्वतःला अजून ठरवायचंय” असं सरळ सांग. कोणी नाराज होत नाही. फसवणूक होते ती ‘आपण मानतो’ असं म्हणताना. ‘या दगडापुढे नऊशे वर्षं लोक उभे राहिले आणि त्यांना असं वाटत आलं’ हे सांगण्यात कसली फसवणूक?

त्याच व्हेझलेत फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ शेवटची काही वर्षं राहिले, १९४४ मध्ये तिथंच वारले. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं त्यांनी लिहिली, आणि भारतात त्यांचं कधी येणं झालं नाही. परक्याच्या श्रद्धेबद्दल परक्यानं मनापासून लिहावं, याला तो माणूस स्वतःच दाखला आहे. मला तिथं एकटं वाटायचं तेव्हा मी त्यांच्या घरावरून चक्कर मारून यायचे.

आता काँक. तुला हे गाव मिळालं याचा मला किती आनंद झालाय हे पत्रात सांगता येणार नाही. डोंगराच्या कुशीत स्लेटसारख्या दगडी पाट्यांची छपरं, काहीशे वस्तीचं गाव आणि मध्ये सेंत फ्वाचं चर्च. सेंत म्हणजे संत, फ्वा म्हणजे श्रद्धा. आजँ गावातली बारा-तेरा वर्षांची मुलगी, रोमन काळात तिनं देव बदलायला नकार दिला म्हणून मारली गेली, अशी परंपरा. तिचे अवशेष काँकचे साधू नवव्या शतकात आजँहून चक्क चोरून घेऊन आले. हे तू लपवू नकोस. चर्चनं स्वतःच ते लपवलेलं नाही. व्हेझलेला पहिल्या उन्हाळ्यात मी असं एक प्रकरण गाळत होते: ११४६ मध्ये त्याच टेकडीवर बर्नार साधूनं मुसलमानांविरुद्धच्या दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक दिली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, “ते का नाही सांगितलंत?” मला उत्तर देता आलं नाही. पाहुणी म्हणून मला वाटत होतं की यजमानाच्या घरातली वाईट गोष्ट काढू नये. पण ते ऐकायला आलेल्या माणसांवर अन्याय होता. दुसऱ्या दिवसापासून मी ते सांगायला लागले, साध्या आवाजात, कोणाला टोचून न बोलता.

काँकच्या पश्चिम दारावर अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त माणसांना स्वर्गात की नरकात धाडतो त्याचा देखावा आहे, १२४ आकृत्यांचा. रंगाचे अंश अजून दिसतात. तू सगळ्या १२४ सांगायला जाऊ नकोस. पाच निवड आणि त्या पाचांवर तुझं प्रेम बसू दे. माझी एक आत्ताच सांगते. मध्यभागी, ख्रिस्ताच्या पायांखाली, आत्म्यांचं वजन चाललंय. एका बाजूला देवदूत मिखाएल, दुसऱ्या बाजूला सैतान, आणि सैतानानं हळूच आपलं बोट पारड्यावर दाबलंय. काटा मारतोय तो! भाजीबाजारात वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे एका क्षणात कळतं. नऊशे वर्षांपूर्वीचा पाथरवट आणि नाशिकची तू, दोघांनाही तराजूवरचा तो हात ओळखीचा आहे. उजवीकडे, म्हणजे नरकाच्या बाजूला, गळ्यात पैशांची थैली अडकवलेला कंजूष टांगलाय. घोड्यावरून उलटा पडणारा गर्विष्ठ सरदार आहे. सशाच्या तोंडाचे सैतान एका माणसाला शिगेवर भाजतायत, तो मठाच्या जंगलात चोरून शिकार करणारा असावा असं पुष्कळ जण मानतात. आणि सर्वांत वर, कमानीच्या कडेनं, दगडी पट्टी दोन्ही हातांनी धरून काही चेहरे नुसते डोकावतायत. ते ना स्वर्गात, ना नरकात. बघायला आलेत. त्यांच्याकडे बोट दाखवलंस की मुलं हसतात आणि मोठी माणसं जरा विचारात पडतात.

दार पश्चिमेला आहे म्हणून सकाळी ते सावलीत असतं. उन्हाळ्यात दुपार कलली की सूर्य समोर येतो आणि दगड पिवळा होतो. जमलं तर तुझी फेरी तेव्हाची मागून घे. लोकांची पाठ उन्हाकडे येईल असं त्यांना उभं कर आणि तू बाजूला राहा, म्हणजे त्यांच्या आणि शिल्पाच्या मध्ये तू येणार नाहीस.

आत गेल्यावर तुझं शिक्षण उपयोगी पडेल. खिडक्यांची काच पिएर सुलाज या चित्रकारानं केलीय. तो शेजारच्या रोदेझचा, लहानपणी शाळेबरोबर काँकला आला आणि तिथंच चित्रकार व्हायचं ठरवलं असं तो सांगायचा. १९९४ मध्ये पुऱ्या झालेल्या या १०४ खिडक्यांत एकही रंग नाही. पलीकडचं दिसत नाही पण उजेड पसरतो, अशी काच त्यानं कित्येक प्रयोग करून बनवून घेतली. काच एकसारखी नाही, कणांच्या फरकामुळे उजेड कमीजास्त होतो, आणि दिवसभरात त्या राखाडी काचेवर निळसर, तांबूस छटा येतात-जातात. गावातल्या बऱ्याच जणांना त्या सुरुवातीला अजिबात आवडल्या नव्हत्या, जुने रंगीत संत कुठे गेले म्हणून. काचेवर या छटा कशा येतात ते साध्या शब्दांत सांगणारी गाइड तिथं रोज मिळत नसेल. तू ते सांगू शकतेस.

बाबांसाठी मी काँकमधलीच एक गोष्ट देते. तिथल्या खजिन्यात सेंत फ्वाची सोन्यानं मढवलेली, सिंहासनावर बसलेली मूर्ती आहे. शतकानुशतकं भक्तांनी वाहिलेली रत्नं तिच्या अंगावर आहेत. १०१३ च्या सुमारास आंजेचा बर्नार नावाचा एक विद्वान शिक्षक ती पाहायला आला. तो उत्तरेचा, अशा मूर्ती त्यानं पाहिल्या नव्हत्या. लोक तिच्यापुढे लोटांगण घालताना पाहून तो सोबत्याकडे बघून हसला, आणि ही जणू व्हीनस-डायना या जुन्या रोमन देवींची मूर्ती असावी तसं त्यानं तिला हिणवलं! काही दिवस तिथं राहिला, लोकांचं ऐकलं, आणि आपल्या त्या बोलण्याचा त्याला पश्चात्ताप झाला. मग त्यानं फ्वाच्या चमत्कारांवर पुस्तकच लिहिलं. हजार वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसांच्या मूर्तिपूजेवर नाक मुरडत होता. बाबांना जे ‘ते लोक’ एकसारखे वाटतायत, ते तसे कधीच नव्हते.

तरी बाबांची काळजी मी झटकणार नाही. अशा संस्था चर्चशी जोडलेल्या असतात, आणि कित्येक ठिकाणी स्वयंसेवक एका घरात राहतात, एकत्र स्वयंपाक करतात, सकाळी एकत्र प्रार्थनाही असते. होकार कळवण्याआधी संस्थेला स्पष्ट लिहून विचार: मी ख्रिस्ती नाही, प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? सरळ उत्तर आलं तर जा. गोलगोल उत्तर आलं, किंवा ‘इथे आल्यावर बोलू’ असं आलं, तर जाऊ नकोस. मी दोन उन्हाळे राहिले, सकाळी इतर जण प्रार्थनेला बसत तेव्हा मी ब्रेड आणायला जायचे. मला कोणी कधी काही म्हटलं नाही. माझा हा अनुभव बाबांना नुसता सांगू नकोस. संस्थेचं लेखी उत्तर मराठीत करून त्यांना पाठव.

पैशाचं थोडक्यात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता किंवा सप्टेंबरचं भाडं जुलैच्या कमाईवर अवलंबून असेल तर हॉटेलात काम कर आणि काँक पुढच्या वर्षी. यात कमीपणा नाही. तसं नसेल तर तीन आठवडे हे काही मोठं नुकसान नाही. विद्यार्थी परवान्यावर तुला वर्षाला ९६४ तास पगारी काम करता येतं. स्वयंसेवा त्यात मोजत नाहीत, पण संस्थेकडून तारखांचं आणि बिनपगारी असल्याचं पत्र घेऊन ठेव. परवान्याची मुदत संपत असेल तर नूतनीकरणाची तारीख आधी बघ. काँकला रेल्वे जात नाही, रोदेझपर्यंत गाडीनं जाऊन पुढे रस्त्यानं जावं लागतं. तो खर्च कोण करणार ते विचार. खोली कितीजणींत आहे, आठवड्यात सुट्टीचा दिवस आहे का, आजारी पडले तर काय, हेही.

आणि एक. परदेशात स्वयंसेवेच्या नावाखाली उमेदवाराकडूनच भरमसाट पैसे घेणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्यात. फ्रान्समध्ये ‘कासा’सारखी संघटना १९६७ पासून हे काम करते. तिची रीत साधी आहे: पाहणाऱ्याला फेरी फुकट, शेवटी ज्याला वाटेल त्यानं वाटेल ते द्यावं, आणि त्यातून मुलांचा खर्च निघावा. तुझी संस्था या वळणाची आहे का ते ताडून पाहा. तिथं पैसे घेऊन फिरवणाऱ्या व्यावसायिक गाइडना शिकून ओळखपत्र मिळवावं लागतं, त्यावर त्यांचं पोट असतं. कोणी खाजगीत “आमच्या ग्रुपला वेगळं फिरवा, पैसे देतो” म्हणालं तर त्यांचं नाव सुचव. स्वतः घेऊ नकोस.

फ्रेंच उच्चारांची काळजी तू लिहिली नाहीस, पण असणारच. लहान वाक्यं कर. तारखा तीनच सांग. माझ्या पहिल्या फेरीत मी दीड तास बोलले होते. एक आजीबाई खांबाच्या बैठकीवर टेकल्या, आणि मला ते दिसूनही मी थांबले नाही. त्याची मला आजही खंत आहे. पाऊण तास पुरतो. अंत्यविधी चालू असेल, कोणी गुडघे टेकून बसलं असेल, तर तेवढा भाग सोडून दे आणि बाहेरच्या दारापाशीच बोल.

आता आई. तिचं वाक्य मी तीनदा वाचलं. काळाराम मंदिर आणि चर्च हा त्यातला वरवरचा भाग आहे. तिचं खरं वाक्य शेवटचं आहे: ‘त्यापेक्षा घरी ये.’ दोन वर्षं झाली, मुलगी आली नाही. तुला सुट्टी आहे हे तिला कळलं, आणि लगेच कळलं की ती सुट्टी तू एका अनोळखी गावाला देऊन टाकलीस. तू तिच्याशी धर्मावर वाद घालतेयस आणि ती तुझी वाट बघतेय. काँकला जाण्याआधी तिला घरी येण्याची तारीख सांग. तिकिटाचे पैसे जमत असतील तर ऑगस्टमध्ये ये, नसतील तर पुढची नक्की तारीख. ‘बघू’ म्हणू नकोस. मला वाटतं, त्यानंतर चर्चचा विषय निम्मा तरी मिटेल.

आजोबांच्या गप्प बसण्याला तू नाराजी समजतेयस. मला तशी खात्री वाटत नाही. त्यांना कोणी सांगितलंय का की काँक हे पायी चालणाऱ्यांचं गाव आहे? फ्रान्समधल्याच ल प्यु गावाहून निघालेले यात्रेकरू साधारण दोनशे किलोमीटर चालून तिथं पोचतात. बरेच जण पुढे थेट स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत जातात, दीड-दोन महिने आणखी. पाठीवर पिशवी, हातात काठी, टाचेला फोड. मठातले साधू त्यांना उतरायला जागा देतात आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पुढच्या वाटेसाठी आशीर्वाद देतात. असा कोणी धुळीनं माखलेला माणूस चर्चच्या पायरीवर बूट काढून बसलेला दिसला तर त्याला शिल्पं सांगायला जाऊ नकोस. आधी पाणी विचार. हे तुला आजोबांच्या घरात शिकवावं लागलेलं नसणार. त्यांना विचार, वाटेत फोड आले की दिंडीत काय करतात. उत्तर लिहून घे, काँकला उपयोगी पडेल.

म्हणून तुझी पहिली फेरी फ्रेंचमध्ये नको. पोचलीस की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला, दारावर ऊन आलेलं असताना, घरी व्हिडिओ कॉल लाव. नाशिकला तेव्हा साडेआठ वाजलेले असतील, तिघांनाही समोर बसायला सांग. मराठीत सांग सगळं: तो थैलीवाला कंजूष, तो पडणारा सरदार, ते डोकावणारे चेहरे. तराजूपाशी आलीस की फोन जवळ ने आणि काहीच बोलू नकोस. सैतानाचं बोट आजोबांना दिसू दे.

तुझी,
ताई